फोटोवाल्यांचं मौन

फोटोवाल्यांनी मौन घेतलंय, अशी कुजबुज गेल्या वर्षी आमच्या इस्पितळात सुरू झाली आणि आठवड्याभरात तीन मजले चढून गेली. आधी नुसतंच मौन होतं. मग म्हणे, ते मौनातूनच सगळ्यांचं लिहिलेलं वाचतात आणि ज्याचं चुकलं त्याला ते आतून कळतं. कपडे धुण्याच्या विभागातल्या बाईंनी तर मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "त्यांना आता मशीन लागत नाही. माणूस समोर उभा राहिला की आरपार दिसतो."

मी म्हटलं, "मग परवा मशीन बिघडलं तेव्हा एवढी धावाधाव कशाला केली?"

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी मुद्दाम जिना घाण केलाय. ही अफवा मी पसरवलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. दोघातिघांच्या कानावर घातली असेल. तेवढ्याला कुणी पसरवणं म्हणत नाही.

फोटोवाले म्हणजे आमचे एक्स-रे काढणारे. एक्स-रेला सगळे फोटोच म्हणतात, छातीचा फोटो, गुडघ्याचा फोटो, म्हणून हे फोटोवाले. तीस वर्षं तळघरातल्या एकाच खोलीत. दारावर लाल दिवा, आत कपडे बदलायला हिरवा पडदा, भिंतीला छाती टेकवायची पाटी, आणि काचेच्या आड बटणांसमोर हे. शिशाचा एप्रन घालून घालून खांद्यात वाकलेले. मी त्याच इस्पितळात रेकॉर्डला होतो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण सकाळी पाय तिकडेच वळतात. चहा पूर्वीइतकाच वाईट मिळतो, बातम्या मात्र ताज्या.

या माणसाचं रोजचं बोलणं म्हणजे पाच-सहा वाक्यं. दिवसाला साठ पेशंट धरले तर तीच वाक्यं साठ वेळा. त्यामुळे आवाज असा झालाय की त्यात ना राग ना लोभ. सावकाश, खोल, एका पट्टीतला. घरीसुद्धा बायकोला "जरा डावीकडे" म्हणतात, आणि ती बिचारी सरकते.

पण डोक्यात सारखं काहीतरी चाललेलं. एकदा कँटीनमध्ये डबा खाता खाता म्हणाले, "मी रोज साठ माणसांच्या आत बघतो. हाडं दिसतात, फुप्फुसं दिसतात. पण ज्याला भीती वाटत असते, तो कुठे असतो? तो एकदाही फोटोत आला नाही."

मेट्रन म्हणाल्या, "तो बाहेर बाकावर माझं डोकं खात बसलेला असतो."

हसलो आम्ही. पण प्रश्न काही कुणाला सोडेना. दुसऱ्या दिवशी मेट्रननेच तो परत काढला. मग रोज डब्याबरोबर तोच. शेवटी फोटोवाल्यांनी मोबाइलवर ग्रुप केला. आम्ही पाच जण: ते, मी, मेट्रन, खाली औषधं देणारा आमचा औषधवाला आणि गणिताच्या बाई. ग्रुपचं नाव ठेवलं 'विचारा'. त्यांच्या बायकोने ते एकदाच ऐकलं आणि त्या दिवसापासून ग्रुपला 'बिचारा' म्हणायला लागल्या. त्या पाळणाघर चालवतात. नावं ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

गणिताच्या बाईंबद्दल सांगायला हवं. वय चौऱ्याहत्तर. फोटोवाले शाळेत त्यांच्या हाताखाली शिकले, म्हणजे दोनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा बाईंना दया आली. बाईंचं वर्गातलं एकच वाक्य होतं: "उत्तर मागच्या पानावर छापलेलं आहे, मला पायऱ्या दाखव." ग्रुपचा नियम त्यातूनच निघाला. दर रविवारी एक प्रश्न. आठवडाभर कुणी उत्तर द्यायचं नाही. फक्त लिहायचं, 'मला काय कळलेलं नाही.' आठव्या दिवशी, हवंच असेल तर, आपल्या शब्दांत चार ओळी. दुसरीकडून आलेलं पुढे ढकलायचं नाही.

तुम्हाला वाटेल, यात काय विशेष. करून बघा. एका रविवारी प्रश्न होता, दुसऱ्याचं दुखणं आपल्याला खरंच कळतं का? मेट्रनने लिहिलं, "बावीस वर्षं मी पेशंटला 'कळतंय मला' असं म्हणत आले. काय कळतं, ते मला कळलेलं नाही." मेट्रनला मी तोवर खडूस समजत होतो. अजूनही आहेत, पण मी आता तसं तोंडावर म्हणत नाही.

वर्षभर ते छान चाललं. तीस-पस्तीस माणसं झाली, सगळी एकमेकांच्या ओळखीतली. फोटोवाले तळघरातून वर यायचे तेव्हा चेहऱ्यावर उजेड असायचा. मग औषधवाल्याच्या मनात आलं की एवढं चांगलं आपल्यापुरतं ठेवणं बरं नाही. त्याने ग्रुपची लिंक त्याच्या चौदा ग्रुपांवर टाकली. माणूस मनाने वाईट नाही. फक्त त्याला कुठलीही गोष्ट लहान असलेली बघवत नाही.

तिसाचे तीनशे झाले, तीनशेचे नऊशे. सकाळी उठल्याबरोबर फुलं. सूर्योदय. धबधब्यावर लिहिलेले विचार. गुडघेदुखीवरचे उपाय. देव आहे की नाही यावर दोघांचं अकरा दिवस भांडण चाललं, आणि दोघांनीही पुरावा म्हणून शेवटी एकच चित्रफीत पाठवली. मग फोटोवाल्यांनी ठरवलं की प्रत्येक मजकूर आपण बघायचा आणि नको असेल तो काढायचा. दोन पेशंटांच्या मध्ये काचेच्या आड उभं राहून बघायचे. एक छाती, चार फुलं. एक मनगट, एक भांडण.

बरं, नुसतं काढून टाकावं ना? तसं नाही. ज्याचं काढलं त्याला हे खाजगीत पत्र लिहायचे. 'आपला मजकूर काढला, राग नसावा. कारण असं की...' आणि खरंच कारण लिहायचे, प्रत्येकाला वेगळं. दिवसाला वीस-पंचवीस पत्रं. उत्तरादाखल बहुतेकांचं फूल यायचं.

मी एकदा दुपारी त्यांच्या घरी गेलो तर हे सुट्टी असून खुर्चीत मोबाइल घेऊन बसलेले, चष्मा कपाळावर, डोळे लाल. पलीकडच्या खोलीत पाळणाघराची पोरं गाढ झोपलेली.

"भाऊजी, बघा तुमच्या मित्राला," त्यांची बायको म्हणाली. "माझ्याकडे अठरा पोरं आहेत. ती निदान दुपारची दोन तास झोपतात. यांची नऊशे कधी झोपतात?"

"हळू बोल, उठतील," फोटोवाले म्हणाले.

"कुठली? माझी की तुमची?"

ते हसले नाहीत. अंगठ्याने खाली खाली सरकवत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "यात कुणीतरी खरा प्रश्न विचारलेला असतो. या ढिगात. तो निसटला तर?" ढिगात काही सापडलं का, हे मी विचारलं नाही. सहा महिन्यांत काही सापडलं नव्हतं, ते मलाही दिसत होतं.

आणि त्याच सुमाराला बाई गुडघ्याच्या फोटोसाठी आल्या.

हे मला फोटोवाल्यांनीच सांगितलं. खोलीचा रिवाज असा की पेशंट कितीही ओळखीचा असला तरी मशीनपुढे त्याच्या तोंडून त्याचं पूर्ण नाव वदवून घ्यायचं, नाहीतर एकाचं हाड दुसऱ्याच्या पाकिटात जातं. त्यांनी बाईंना विचारलं, "पूर्ण नाव सांगा." बाईंनी तोंड उघडलं आणि नाव येईना. घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फेरा फिरला असेल. मग आलं. बाईंनी ते स्पष्ट उच्चारलं, फोटो काढून घेतला, आणि खाली उतरून बाकावर बसत म्हणाल्या, "अरे, हे तिसऱ्यांदा झालं. घरी भाचीला सांगितलेलं नाही. पण मजा बघ. नाव आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हे मात्र लख्ख कळत होतं. ते कुणाला कळत होतं?"

फोटोवाले एप्रनसकटच त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"हा प्रश्न घे ग्रुपवर," बाई म्हणाल्या. "आणि लवकर घे. माझ्या पायऱ्या अजून जागच्या जागी आहेत. चार डोकी लागली तर मला बघायचंय कुठवर जातं ते. नंतर तुम्ही लावून काय उपयोग, मी नसेन तिथे."

एवढंच काय ते पणाला लागलेलं. एका म्हातारीचा प्रश्न, आणि तो मांडायला तिच्याकडे उरलेले थोडे महिने.

बाईंना लिहिताना शब्द सापडायला वेळ लागायचा, म्हणून पुढच्या रविवारी सकाळी अकराला सगळ्यांनी फोनवर एकत्र यायचं आणि बाईंनी प्रश्न तोंडीच मांडायचा असं ठरलं. मी बाईंच्या घरी जाऊन बसलो. भाचीने फोन टेबलावर उभा केला. दोनशेच्या वर माणसं जोडली गेली होती. नेमका त्याच दिवशी फोटोवाल्यांचा ड्यूटीवरचा जोडीदार तापाने पडला, म्हणून त्यांना कामावर जावं लागलं. ते तळघरातून फोन एप्रनच्या खिशात ठेवून ऐकत होते.

बाईंनी सुरुवात केली. आवाज वर्गातला, खणखणीत. दुसऱ्या वाक्यात अडखळल्या. एक शब्द हवा होता, तो येईना. "थांबा हं," म्हणाल्या आणि डोळे मिटून शोधायला लागल्या. दोनशे माणसं गप्प.

त्या शांततेत फोटोवाल्यांचा आवाज आला. तिकडे खोकल्याचा पेशंट आला होता, आणि यांना वाटलं आपण माइक बंद केलाय.

"गळ्यातलं सगळं काढून ठेवा. धातूचं काही अंगावर नको. पुढे या. आणखी पुढे. घाबरू नका, काही होत नाही. हनुवटी वर. खांदे सैल सोडा. आता खोल श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका. अजिबात हलू नका."

मग यंत्राची बारीक घरघर.

"हं. सोडा. झालं. आता बाहेर थांबा. नाव पुकारलं की आत या."

आता मला सांगायला लाज वाटते, पण श्वास मीही रोखला. त्या खोलीत माझे बारा फोटो निघालेत, सवयच लागलीय. पण मला ठाऊक होतं की हा खोकल्याचा पेशंट आहे. बाकीच्या दोनशेंना कुठे ठाऊक! फोनमधून एकदम दोनशे माणसांनी सोडलेला श्वास ऐकू आला. कुणीतरी हुंदका दिला. एका बाईंनी नंतर लिहिलं की त्यांनी गळ्यातली साखळी काढून ठेवली आणि छातीवरचा वीस वर्षांचा दगड उतरला.

इकडे बाईंना शब्द सापडला होता. "हां, तर मी काय म्हणत होते..."

"बाई, थांबा," औषधवाला फोनवर म्हणाला. "आता कुणी काही बोलू नका. हा अनुभव तसाच राहू द्या."

आणि बाई थांबल्या. चाळीस वर्षं ज्यांच्या वर्गात कुणाची कुजबुजायची छाती नव्हती, त्या थांबल्या. भाचीने फोन बंद केला. "मावशी, सापडला होता ना शब्द?" तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "होता गं. आत्ता होता."

फोटोवाल्यांनी दुपारी खिशातून फोन काढला तेव्हा तीनशे संदेश आले होते. त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं: 'माइक चुकून चालू राहिला. तो छातीचा एक्स-रे होता. बाईंचं बोलणं तुटलं, मी त्यांची माफी मागतो. त्यांचा प्रश्न खाली देत आहे.' आणि खाली प्रश्न.

पहिलं उत्तर आलं, 'केवढी ही नम्रता.' दुसरं, 'बाहेर थांबा, नाव पुकारलं की आत या, यात सगळं आलं.' संध्याकाळपर्यंत ते वाक्य शे-दीडशे लोकांनी आपापल्या नावाखाली लावून टाकलं. प्रश्नावर एकाने लिहिलं, 'उत्तर आपणच द्यावं.' बाकी सगळे जोडलेले हात.

पुढच्या रविवारी त्यांनी तोच प्रश्न परत दिला. जोडलेले हात. त्याच्या पुढच्या रविवारी परत. 'मला काय कळलेलं नाही' हे लिहिणारे आम्ही तीन: मेट्रन, मी आणि एक परगावचा बस चालवणारा माणूस. फोटोवाले हात काढायचे, त्याच्या दुप्पट यायचे, आणि आमचं लिहिलेलं हातांच्या खाली पाच मिनिटांत गाडलं जायचं. बाईंची भाची ते वर सरकवून सरकवून शोधायची आणि त्यांना वाचून दाखवायची. तिसऱ्या रविवारी बाईंनी विचारलं, "हे सगळे हात कुणाचे?"

इस्पितळातही लोक फोटोवाल्यांना सुखाने जगू देईनात. धडधाकट माणसं छातीचा फोटो काढून घ्यायला रांगेत येऊन बसायला लागली. एक तर म्हणाला, "फिल्म नको, फक्त श्वास रोखायला सांगा." फोटोवाल्यांनी त्याला बाहेर काढलं, तर तो आशीर्वाद मिळाल्यासारखा गेला.

मग एका गुरुवारी दुपारी कँटीनमध्ये औषधवाला त्यांच्यासमोर येऊन बसला. मी शेजारच्या टेबलावर होतो. कान द्यायला मला तेवढं अंतर पुरतं.

"दर रविवारी दहा मिनिटं," औषधवाला म्हणाला. "नुसतं तेच. श्वास घ्या, रोखा, सोडा. लोकांना झोप लागतेय म्हणतात. तुमचं काय जातंय?"

"बाईंचा प्रश्न जातोय."

"एका बाईंसाठी नऊशे माणसांना नाही म्हणायचं?"

"माणसं कुठेयत? हात आहेत." फोटोवाल्यांनी डबा मिटला. "हे बघ, मी श्वास रोखायला सांगतो, कारण माणूस हलला की फोटो बिघडतो. त्याच्या पलीकडे त्यात काही नाही. मी शोधलंय, तीस वर्षं. नाही."

"लोकांना दिसतंय ना पण."

"तू घे ग्रुप. आवडीने घे. फुलं येऊ दे, सगळं येऊ दे. मला आता पत्रं लिहायला नकोत."

त्यांनी तिथल्या तिथे मोबाइल काढून त्याला ॲडमिन केलं. खुब्याचे दोन पेशंट खाली थांबले होते, म्हणून उठले. मी जिन्यापर्यंत सोबत गेलो. विचारलं, "वाईट वाटतंय का हो?"

"दमलोय," ते म्हणाले. "वाईट नंतर बघू." आणि एकेक पायरी मोजल्यासारखे उतरत गेले.

तेव्हापासून दर रविवारी अकराला ते बाईंच्या घरी येतात. मेट्रन येतात. मी येतो. बसवाल्याला भाची फोन लावून टेबलावर ठेवते, तो डेपोतून बोलतो. बाईंनी चौकटीच्या वहीत पायऱ्या मांडायला घेतल्या. पहिली: नाव गेलं, तरी गेलं हे कळतं. दुसरी: म्हणजे नाव ते मी नव्हे. तिसरी: जिला कळतं तीही एक दिवस जाणार असेल, तर ते कळायला कोण उरेल? तिसऱ्या पायरीवर आम्ही पाच आठवडे होतो. मेट्रन आणि बाईंचं त्यावर असं जुंपलं की भाचीने मधे चहा आणून ठेवला. मला वाटतं, त्या पाच आठवड्यांत ग्रुप जसा व्हायला हवा होता तसा झाला. माणसं साडेपाच, कारण मधेच बस सुटायची वेळ झाली की बसवाला अर्ध्यातून जायचा.

चौथी पायरी बाईंच्या अक्षरात अर्धीच आहे. मग बैठका छोट्या होत गेल्या. बाई लवकर थकायच्या. फोटोवाले आठवडाभराचे रोजचे साठ-साठ पेशंट अंगावर घेऊन आलेले, ते कधी कधी खुर्चीतच डुलक्या घ्यायचे. कुणी कुणाला उठवत नसे.

मागच्या महिन्यात फोटोवाल्यांनी नेहमीसारखी वही उघडली आणि प्रश्न वाचून दाखवला. बाईंनी मान कलती करून नीट ऐकला.

"छान आहे," म्हणाल्या. "कुणी विचारलाय?"

"तुम्ही, बाई."

"चल. मला एवढं कुठे सुचतंय." आणि हसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण ज्याने विचारलाय त्याला सोडू नका."

फोटोवाल्यांनी वहीत चौथ्या पायरीखाली तारीख घातली आणि लिहिलं, 'इथून पुढे मला कळलेलं नाही.' मेट्रनने खाली लिहिलं, 'मलाही.' मी सही केली. बसवाल्याने फोनवरून त्याचीही करायला सांगितली.

तिकडे 'विचारा'वर आता दोन हजार माणसं आहेत. दर रविवारी औषधवाला फोटोवाल्यांचा त्या दिवशी टेप करून ठेवलेला आवाज लावतो आणि सगळे श्वास रोखतात. फोटोवाले काही लिहीत नाहीत म्हणून लोक एकमेकांना सांगतात की त्यांनी मौन घेतलंय, पण ते आत आहेत, सगळं वाचतात.

त्यांनी मौन घेतलेलं नाही. त्या गुरुवारी ॲडमिनपण दिल्यावर जिना उतरतानाच ते ग्रुपमधून बाहेर पडले. कुणी बाहेर पडलं तर ते फक्त ॲडमिनला दिसतं, आणि औषधवाल्याने ते कुणाला सांगितलेलं नाही.